वला का वाळका?

खोली बघायला गेलो त्या दिवशी आप्पांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्या काळी एकट्या पोराला खोली द्यायची म्हणजे मालक लोक सात पिढ्यांची चौकशी करायचे. आप्पा पायरीवर बसून खलबत्त्यात सुंठ कुटत होते. मान वर न करता म्हणाले,

"कामाला कुठं?"

"शिरोली एमआयडीसीत. फौंड्रीत सुपरवायझर हाय."

"खोकला हाय?"

"न्हाय."

"ईल," आप्पा म्हणाले. "वाळू लई वाईट. ईल. बॅग आण जा."

अशी मला खोली मिळाली. अट एकच, वर चहा करायचा नाही. चहा म्हणजे घशाला पॉलिशपेपर, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मतापायी माझ्या आधीचे दोन भाडेकरू रस्त्यावर आले होते. मी मुकाट्यानं होय म्हटलं. कोपऱ्यावरची चहाची गाडी मी येतानाच बघून ठेवली होती.

त्यांचं नाव इथं सांगत नाही. नातेवाईक अजून शाहूपुरीत आहेत आणि सगळे मोठ्या आवाजाचे आहेत. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही तेच म्हणतो. घर कर्नाटकच्या सीमेकडून आलेलं, त्यामुळं बोलणं कोल्हापुरी आणि राग कानडी. रागावले की "सुम्न कूड" म्हणायचे, म्हणजे गप बस. घरात ते रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागायचं.

आप्पांची गुळाची अडत होती. शेतकऱ्यांचा गूळ गुऱ्हाळावरून ह्यांच्याकडं यायचा आणि ह्यांच्यामार्फत विकला जायचा. मी राहायला गेलो तोवर अडत पुतण्याच्या हवाली झाली होती, पण गुळानं आप्पांना सोडलं नव्हतं. खालच्या खोलीत भिंतीला लागून चिनी मातीच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक बरणीत एकेका सालचा गूळ. नवा गूळ कफ करतो आणि जुना गूळ कफ काढतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात चार वेळा सांगितलं. बरणीवर साल लिहायचे नाहीत. त्या साली घरात काय घडलं, ते गेरूनं लिहायचे. 'महापूर'. 'लेकीचं लग्न'. 'गॅस आला'. 'अक्काचा गुडघा'. एका बरणीवर नुसतंच 'भांडण' लिहिलेलं होतं. कुणाशी भांडण, म्हणून मी अक्कांना विचारलं. अक्का म्हणजे त्यांच्या मंडळी.

"माझ्याशी," अक्का म्हणाल्या. "वर्सभर बोलले न्हाईत. गूळ मातर फस्कलास झाल्ता त्या साली."

पण आप्पांची खरी कीर्ती गुळाची नव्हे, कानाची. त्यांच्या घराण्यात मागं कुणीतरी वैद्य होऊन गेले होते, त्यांच्याकडून हा कान आला होता म्हणे. सकाळी आठ वाजले की पायरीवर खोकणाऱ्यांची रांग लागायची. आत एक स्टूल. त्यावर पेशंट आणि समोर गुडघ्याला गुडघा लावून आप्पा. तीनदा खोकायला लावायचे. एकदा बसून, एकदा उभं राहून आणि एकदा स्वतःचं पूर्ण नाव सांगून. नाव घेतल्यावर माणूस खोटं खोकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढं होईपर्यंत डोळे गच्च मिटलेले. मग डोळे न उघडताच बोट वर व्हायचं.

एक बोट म्हणजे वाळका, कोरडा खोकला. स्वयंपाकघराच्या दारातून अक्का ते बघायच्या आणि चुलीवर दूध चढवायच्या. त्यात ज्येष्ठमध, चार मनुका आणि खडीसाखर. दोन बोटं म्हणजे वला, कफाचा. मग पाणी चढायचं, त्यात सुंठ, मिरी, पिंपळी आणि जुना गूळ, आणि ते आटून निम्मं होईस्तोवर कुणी बोलायचं नाही. क्वचित आप्पा बोट दाखवायचेच नाहीत. सगळा पंजा हलवायचे. म्हणजे हा खोकला आपल्याकडचा नव्हे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या. त्यात त्यांनी कधी हयगय केली नाही. बाकी डॉक्टरांबद्दल मत बरं नव्हतं. "पाठीला नळी लावत्यात," म्हणायचे, "खोकला पाठीतनं येतोय काय?"

उकळत्या काढ्यात मध घातला म्हणून एका प्राध्यापकीणबाईंना त्यांनी पायरीवरून परत पाठवलं होतं. मध कधी गरमात घालायचा नाही, हा त्यांचा कायदा. बाई म्हणाल्या, आप्पा, चमचाभरच घातला. आप्पा म्हणाले, "जावा. घरातला मध आदी शेजारणीकडं ठिवून या, मग बोलू."

ह्या कानाचा आम्हाला अभिमान होता आणि थोडा तापही. गल्लीतल्या एका वजनदार माणसाची शोकसभा होती. भाषणं झाली, दोन मिनिटं मौन सुरू झालं. सगळे माना खाली घालून उभे. एवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आप्पा माझ्या शेजारी, डोळे मिटून. आपल्याला वाटतं तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "वाळका."  मग पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. "वला," आप्पा म्हणाले. त्यानंतर आख्ख्या सभेत जो खोकला पसरला, त्यातला निम्मा हसू दाबल्याचा होता. आप्पा प्रत्येकाला बोट दाखवत होते. गेलेल्या माणसाचा मुलगा दुसऱ्या दिवशी पायरीवर हजर. मला वाटलं, आता भांडण होणार. तर तो म्हणाला, "आप्पा, काल मला दोन बोटं दाखीवलासा न्हवं? काढा घ्याया आलोय."

तर असा कान. चुकत नाही म्हणजे नाही, असं सगळी शाहूपुरी सांगायची. आप्पाही सांगायचे. "माजं चुकलं" हे शब्द त्यांच्या तोंडातून कुणी ऐकले नव्हते. अक्कांनीसुद्धा नाही. 'भांडण'वाल्या बरणीचं मूळ त्यातच होतं.

माझा खोकला आठ महिन्यांनी आला. मोल्डिंगची वाळू दिवसभर नाकातोंडात जायची, आला यात नवल नाही. सकाळी दात घासायला उभा राहिलो की सुरू व्हायचा, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचा नाही. पहिल्याच दिवशी खालून आप्पांची आरोळी आली, "ऐकलो रे! वला हाय! खाली ये, काढा घे!"

त्यांची कॉट बरोबर माझ्या खोलीखाली होती. मध्ये माडीची लाकडी फळी. त्या फळीतून त्यांनी माझा खोकला ऐकला आणि निकाल दिला. मी विचारलं, आप्पा, स्टुलावर बसू काय? तर म्हणाले, "तू घरातला. तुला कशाला समोर बसवायचा? रोज ऐकतोय की."

सहा महिने मी तो काढा प्यालो. पितळी तांब्या भरून, सकाळ-संध्याकाळ, 'महापूर' बरणीतल्या गुळाचा. सुंठ, मिरी आणि पिंपळी. पहिल्या घोटाला कानांतून वाफ निघायची. पोटात फौंड्रीची भट्टी पेटायची. आणि खोकला? तो असा भडकला की मला जिन्यात उभं राहून श्वास घ्यावा लागायचा. मी एकदा धीर करून म्हटलं,

"आप्पा, वाढतोय वो."

"वाढतोय म्हंजे सुटतोय," ते म्हणाले आणि अक्कांना सांगितलं, "मिरी वाढीव."

फौंड्रीच्या मॅनेजरनं मला डॉक्टरकडं धाडलं. छातीचा फोटो काढला. स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, धुळीचा त्रास आहे, घसा कोरडा पडलाय, फडकं बांधत जा. मी तो फोटो आणून आप्पांना दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

"फोटोला आवाज असतोय काय?" ते म्हणाले. "काढा घे."

हे सगळं मी हसत सोसलंही असतं. पण माझं लग्न त्या खोकल्यापायी अडलं. दोन ठिकाणी बघायला गेलो. पहिल्या घरी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि सुटलो तो थेट परसात जाऊन थांबलो. दुसऱ्या घरी मुलीनं नाव सांगितलं आणि मी खोकलो. पुन्हा सांगितलं, पुन्हा खोकलो. दोन्हीकडून एकच निरोप आला, पोरगा चांगला आहे, पण छातीत काहीतरी आहे. क्षय हा शब्द कुणी उच्चारला नाही. आईनं तो न उच्चारताच ऐकला आणि जेवण सोडलं.

आणि तिसरी ती. शिरोळकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. त्यांचा गूळ वर्षानुवर्षे आप्पांच्या अडतीला यायचा. एकदा ती वडिलांबरोबर आप्पांकडं आली होती, दार मी उघडलं. "आप्पा हायत काय?" तिनं विचारलं. मला उत्तर द्यायचं होतं, पण खोकला आधी बाहेर पडला आणि बराच वेळ पडतच राहिला. ती उंबऱ्यावर थांबली, मी आवरेपर्यंत. हसली नाही. मग म्हणाली, "असू दे, मी बघतो आत." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, बघतो, जातो, येतो. त्या एका 'बघतो'वर माझा जीव जडला, आता काय सांगायचं. मी ते अक्कांजवळ बोललो, अक्कांनी आप्पांच्या कानावर घातलं आणि आप्पांनी शिरोळला फोन लावला. माझ्यासमोरच.

"पोरगा सोनं हाय, पाटील. निर्व्यसनी. चहासुदिक घेत न्हाय." मी खाली बघितलं. "खोकला हाय जरा. वला हाय. सा म्हैनं माजाच काढा चालू हाय."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झालो नाही.

रविवारी आम्ही एसटीनं शिरोळकडं निघालो. मी, माझी आई, आप्पा आणि अक्का. मुलीकडच्यांचं घर मळ्यात, दारात ट्रॅक्टर, ऊस पार पायरीला टेकलेला. माणसं चांगली. पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजीवर बसवलं. ऊस, पाऊस, गुळाचा हंगाम असं बोलणं झालं. मी तोंडात लवंग धरून गप्प बसलो होतो. लवंगेनं दहा मिनिटं साथ दिली. मग खोकला आला तो असा, की अंगणातली कोंबडी पळाली.

तिचे वडील पाटील बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग आप्पांकडं वळून अदबीनं बोलले.

"आप्पा, वाईट वाटून घिऊ नका. पन तुमी सा म्हैनं काढा देताय."

"देतोय की."

"तुमच्या हातनं बरा झाला न्हाय असा खोकला हाय का उभ्या तालुक्यात?"

"न्हाय," आप्पा छाती काढून म्हणाले.

"मग ह्यो कसा बरा हुईना? म्हंजे ह्यो साधा न्हाय. आत काय तरी मोठं असनार. लेकीचा जीव हाय वो माझ्या."

आई रडायलाच लागली. मी घाईघाईनं पिशवीतून छातीचा फोटो काढला. पाटलांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ दे पावणं. फोटोचं काय खरं. आप्पांचा कान हाय, त्यो कदी चुकत न्हाय."

आता बघा, मी कुठल्या कात्रीत सापडलो होतो. आप्पांचा कान बरोबर असेल, तर मला क्षय. मला क्षय नसेल, तर आप्पांचा कान चुकलेला. माझं लग्न व्हायचं तर आप्पांनी चारचौघांत म्हणायला पाहिजे होतं, माझं चुकलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. झालं, मी मनात म्हटलं, संपला विषय.

एवढ्यात ती ट्रे घेऊन बाहेर आली. आप्पांना गूळपाणी, बाकी सगळ्यांना चहाचे कप दिले. माझ्यासमोर मात्र दुधाचा पेला ठेवला. पिवळसर, वर मनुका तरंगत असलेला. आप्पांची नजर त्या पेल्यावर पडली आणि तिथंच अडकली.

"काय हाय त्यात?"

"ज्येष्ठमध," ती म्हणाली. "खडीसाखर आन मनुका. वाळका हाय त्यांचा खोकला. आतनं ऐकलो मी."

"ए पोरी!" पाटील ओरडले. "कुनाम्होरं बोलतीस? आप्पांनी वला सांगितलाय!"

ती घाबरली नाही. आप्पांकडं बघून हळू बोलली. "तुमीच शिकीवलासा आप्पा. मी सातवीत हुतो, बाबांसंगं गूळ घिऊन आलतो. तवा मला स्टुलावर समोर बसवून, नाव सांगायला लावून ऐकलासा. एक बोट वर केलासा आन वाळका कसा, वला कसा, ते खोकून दावलासा. ह्यांना समोर बसवून ऐकलाय का?"

 आप्पा उठले. सतरंजीवर माझ्यासमोर येऊन गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"खोक," म्हणाले. मी खोकलो. "हुबा ऱ्हा, खोक." खोकलो. "बस. नाव सांग."

मी नाव सांगून खोकलो. आप्पांचे डोळे मिटलेले. बोट वर होईना. मान पुढं आणून त्यांनी कान माझ्या तोंडाला जवळजवळ लावला. "परत." मी परत खोकलो. "परत." पाचवा खोकला झाला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो मी जवळून बघितला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला सोडून तिच्याकडं बघितलं.

"तू दाराआडनं ऐकलीस?"

"व्हय."

"नीट ऐकलीस?"

"व्हय आप्पा. अगदी नीट. वाळकाच हाय."

 सावकाश आप्पांचा हात उचलला गेला आणि एक बोट वर झालं.

"वाळका," ते म्हणाले.

"मग सा म्हैनं वला कसा?" पाटलांनी विचारलं. अक्कांनी श्वास रोखला. आता येतात ते शब्द, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

"फळी," आप्पा म्हणाले.

"कसली फळी?"

"माडीची. ह्यो वर खोकतोय, मी खाली ऐकतोय. मदी फळी हाय. आंब्याची. आंब्याचं लाकूड पानी धरून असतंय पाटील. वरला वाळका खोकला खाली येस्तोवर वला हुतोय."

पाटील विचारात पडले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली.

"आंब्याची फळी असली की हुतंय तसं," पाटील शेवटी म्हणाले. "सागवानी घालायची हुतीसा." आणि माझ्याकडं हात केला. "द्या बघू त्यो फोटो हिकडं."

मी ते दूध एका दमात प्यालो. सहा महिन्यांच्या आगीनंतर घशाखाली असं काही गार, गोड, मऊ गेलं की मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. खोकला काही जादूनं पळाला नाही. पण पुढचा अर्धा तास मी एकदाही खोकलो नाही आणि त्या अर्ध्या तासात सुपारी फुटली.

परतीच्या एसटीत आप्पा एकटेच पुढच्या सीटवर बसले. कुणाशी अक्षर बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात घरी सुतार हजर. माडीच्या फळ्या बदलायच्या म्हणे. सुतारानं पहिली फळी उचकटली, ठोकून बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "आप्पा, ह्यो तर पक्का सागवान हाय की. आंबा कोन म्हनला?"

"सुम्न कूड," आप्पा म्हणाले. "बदल."

मी तिथंच उभा होतो. पण लग्न ठरलेल्या माणसाचं लक्ष असतं कुठं? हसलो आणि कामावर गेलो.

लग्न झालं, ती माझ्या खोलीत राहायला आली. मला तोंडाला फडकं बांधल्याशिवाय फौंड्रीत सोडायची नाही. दूध-ज्येष्ठमध चालूच. दोन-तीन महिन्यांत खोकला गेला आणि मी माणसात आलो. चहाही तिनं सोडायला लावला, म्हणजे आप्पा फोनवर बोलले ते उशिरानं का होईना खरं झालं. आप्पांनी मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट कायम केली. कुणीही असो, घरचा असो नाहीतर परका, खोकला समोर बसूनच ऐकायचा. फळीतून, भिंतीतून, फोनवरून, काही नाही.

वर्षं गेली. गल्लीत केबल आली, मोबाइल आले, पायरीवरची रांग थोडी आखूड झाली, पण तुटली नाही. हळूहळू आमच्या लक्षात यायला लागलं, की आप्पांना कमी ऐकू येतंय. अक्का एक हाक मारायच्या तिथं चार मारायला लागल्या. दारावरची घंटा वाजवून पोस्टमन निघून जायचा. पेशंटला आप्पा दरडावायचे, "जोरात खोक की! लाजतोस काय? सासुरवाडीत हायस काय?"

एक दिवस एक मास्तर स्टुलावर बसले होते. तीन खोकले झाले, डोळे मिटलेले, बोट अर्धं वर येऊन थांबलेलं. आप्पा नुसते बसून. मास्तर अवघडले. माझी बायको पाण्याची कळशी घेऊन दारातून चालली होती. तिनं ऐकलं होतं. कोरडा खोकला, कुणीही सांगितलं असतं. तिला राहवलं नाही, मास्तरांच्या पाठीमागं उभी राहून तिनं एक बोट वर केलं. नेमके त्याच वेळी आप्पांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले.

"वाळका," म्हणाले, आणि बोट पूर्ण वर गेलं.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. आठ वाजले की बायको काहीतरी काम काढून दारात उभी. कधी तांदूळ निवडत, कधी आमच्या मुलीची वेणी घालत. पेशंट खोकला की हिचं बोट वर. एक किंवा दोन. पंजा हलवायची वेळ आली की तिला घाम फुटायचा, म्हणायची, "एवढं माझ्या गळ्यात नको वो." पण तिचा कान पक्का होता, शिकवलेला होता. आप्पांनी डोळे मिटून ऐकायचं बंद केलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "आताशा खोकलं बदलल्यात. उगड्या डोळ्यांनी ऐकावं लागतंय."

आम्हाला काळजी एकच, आप्पांना कळता कामा नये. जन्मभर ज्या कानावर मिरवले, तो गेलाय आणि पोरीच्या बोटांवर सगळं चाललंय, हे कळलं तर माणूस खचेल. बायको मला रोज बजावायची, "तोंडातनं चकार शब्द काढू नका हं." अक्कांनाही आम्ही सांगितलं नाही.

मग एकदा आप्पांनी कमाल केली. पेपर वाचायलासुद्धा ज्यांनी कधी चष्मा लावला नाही, ते सकाळी जाऊन जाड भिंगांचा चष्मा करून आले. गल्लीत सगळे चकित. मी म्हटलं, काय आप्पा, एकदम? तर म्हणाले, "गुळात खडा दिसंना." आणि माझ्या बायकोवर वसकले, "तू त्या अंधारात काय तांदूळ निवडतीस? खिडकीजवळ हुबी ऱ्हा की. उजेडात."

ती बिचारी खिडकीजवळ उभी राहायला लागली.

आप्पा गेले ते अगदी सुखानं, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. पायरीवर इतकी माणसं जमली, की कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं गाडी बंद ठेवली. त्या दिवशी पुष्कळजण खोकत होते आणि बोट दाखवणारं कुणी नव्हतं. मी जिन्यात बसून पोरासारखा रडलो.

महिन्याभरानं अक्कांनी आम्हाला खाली बोलावलं. बरण्या नातेवाइकांत वाटायच्या होत्या. "तुमी आदी घ्या," म्हणाल्या. बायको म्हणाली, "अक्का, आमच्या लग्नाच्या सालची द्या." मी ओळीनं बघत गेलो. 'लेकीचं लग्न' होती, ती त्यांच्या लेकीची. 'नातू' होती, 'रंगीत टीव्ही' होती. भाडेकरूचं लग्न असलं काही कुठं दिसेना. अक्कांनीच वाकून एक बरणी काढली आणि बायकोच्या हातात दिली.

वर गेरूनं लिहिलं होतं, 'कान गेला'.

मी दोनदा वाचलं. "अक्का, ही नंतरची कुठली तरी असंल."

"न्हाय रे. त्याच सालची. शिरोळास्नं आलो, दुसऱ्या दिशी सकाळी ह्यांनी सवताच्या हातानं गेरू कालवला. मला म्हनले, अक्का, पोरगं तोंडाम्होरं खोकत हुतं आन मला कायसुदिक उमगत नव्हतं. पोरीनं ऐकलं म्हून वाचला त्यो." अक्का डोळ्यांना पदर लावून थांबल्या. "फळी सागवानीच हुती. कुनाला सांगू नको म्हनले. म्होरं पेशंटला समोर घिऊन कसं तरी अंदाजानं निभावत हुते."

बायको बरणी पोटाशी धरून उभी होती. 

"मग मी इतकी वर्सं मागं हुबं राहून बोटं दाखवत हुतो, ते..."

"ते नीट दिसावं म्हून तर चष्मा करून आनला की ग ह्यांनी," अक्का म्हणाल्या.